मेंढरांचा रकाना

"तुझी मेंढरं किती?"

अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीत बसलेल्या सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तेव्हा आमच्याकडं प्रवेश मोबाइलवर होत नव्हते, खिडकीवर व्हायचे. मी फॉर्म पुढं केला होता. शाखा विज्ञान. विषय भौतिक, रसायन, जीव आणि गणित. मागं दहावीची मार्कलिस्ट टाचलेली. गणितात शंभरपैकी त्र्याण्णव.

मी म्हणालो, "हाएत की."

"हाएत की म्हणजे किती? पन्नास? शंभर? दोनशे?"

"हाएत की, सर."

सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. माझ्या मागच्या रांगेला म्हणाले, "बघा रे. घरची मेंढरं मोजता येईनात आणि हा सायन्सला गणित घ्यायलाय!"

रांग हसली. पार जिन्यापर्यंत हसली. ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांनी पुढच्याला विचारून घेतलं आणि मग हसले. आणि खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

सवय होती. कुणी हसणार असं दिसलं की आपणच आधी हसून घ्यायचं. दगड येताना दिसला की डोकं मागं घेतेत लोक. मी पुढं करायचो. म्हणजे नेम चुकला असं कुणी म्हणायला नको. सोळा वर्षं मला वाटायचं, ही हुशारी आहे.

आता मेंढरं किती हे मला माहीत नव्हतं का? होतं. त्या दिवशी सकाळी लंगडी मेंढीला झालेलं पिल्लू धरून माहीत होतं. पण आमच्यात कळपाचा आकडा तोंडानं सांगत नाहीत. आकडा बोलला की कळपाला नजर लागते, कळप उतरतो. हे मला नीट बोलता यायच्या आधी शिकवलेलं. पशुगणनेचा माणूस आमच्या वस्तीवर येतो, माझ्या बापाला, आबाला, विचारतो. आबा म्हणतो, "हाएत की." तो बिचारा चहा पितो, वाघरीकडं बघून आपल्या मनानं काहीतरी लिहितो आणि जातो. सरकारला आमची मेंढरं किती हे अजून माहीत नाही. सरकारचं काही अडलं नाही.

मोजत नाही असंही नाही. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. दिवस मावळताना आई तिच्या तोंडाशी उभी राहते आणि एक-एक आत सोडते. भुरी. बांडी. काळतोंडी. लंगडी. आमच्यात किती आली असं विचारत नाहीत, कोण आलं नाही ते विचारतात. एकदा ओढ्यापलीकडं एक गाभण मेंढी मागं राहिली. आई चूल पेटवायलती, आमच्याकडं पाठ होती तिची. तशीच म्हणाली, "ती फाटक्या कानाची कुठाय रं?"

मी गणित तिथं शिकलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण ते खरं नाही. गणित मी शाळेतच शिकलो, घोकून, मार खाऊन. आवडायचं मात्र लय. त्याचं कारण सांगतो. गणितात कुणाला नजर लागत नाही. एक्स म्हणजे किती, हे चारचौघांत बिनधास्त सांगता येतं.

सरांना आमची ही रीत माहीत नव्हती का? तेच तर. सरांचं रान आमच्या वस्तीला लागून. दर उन्हाळ्यात आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, खतासाठी. लेंड्या, मूत रानाला मिळायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. सर पोरवयापासून आबाला ओळखत होते. आबा कळपाचा आकडा सांगत नाही यावरून त्यांच्या ओसरीवर दरसाल गंमत चालायची. त्यामुळं खिडकीतला प्रश्न हा प्रश्न नव्हताच. गंमत होती. यंदा ती रांगेपुढं झाली एवढंच.

सरांनी लाल पेन घेतलं. 'विज्ञान' या शब्दावर एक रेघ मारली, पट्टी न लावता अगदी सरळ. वर 'कला' लिहिलं. खाली माझे चार विषय खोडले. त्या जागी इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असं लिहीत म्हणाले, "सायन्स इंग्रजीतून असतं रे बाबा. तुला झेपायचं नाही. आर्ट्सला हजेरीचं एवढं काही नसतं. मेंढरंबी होतील, बारावीबी होईल."

आवाजात राग नव्हता. मायेनंच बोलत होते. मेंढराची लोकर कातरतानाही आम्ही असंच मायेनं बोलतो. चार पाय बांधलेले असतात त्याचे.

"कर सही इथं."

मी केली. आबा अंगठा मारतो. आई अंगठा मारते. आमच्या घरातली पहिली सही माझी. ती मी दोन वर्षं वहीच्या मागच्या पानांवर घोटली होती, लपेटदार. खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती सगळी कलाकुसर मी स्वतःला खोडलेल्या कागदाखाली केली. टिंबंसुद्धा विसरलो नाही.

बाहेर आलो. टपरीवर भजे खाल्ले. तेलकट होते की चांगले होते, आठवत नाही. टमटममध्ये वालूरपर्यंत एका बाईचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं. उतरताना ती म्हणाली, "लेकरा, जड होतं की रं, सांगायचं न्हाईस का?" मला मांडी जाणवत नव्हती. पुढं वस्तीपर्यंत पायी गेलो.

आबानं विचारलं, "झालं का?"

"झालं."

"गणित भेटलं का?"

"भेटंल."

हे खोटं मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच कौतुक वाटलं.

कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'हाएत की'. हजेरीला पोरं माझ्याआधी ओरडायची, "हाएत की!" मी उठून सगळ्यांना हात जोडायचो. अकरावीच्या स्वागताचा कार्यक्रम झाला तेव्हा प्रत्येकानं काहीतरी करून दाखवायचं होतं. कुणी गाणं म्हटलं, कुणी शिट्टी वाजवली. मी खिडकीचा प्रसंग करून दाखवला. सर मीच, मी मीच, रांगही मीच. सरांची मान बाहेर काढायची पद्धत अशी हुबेहूब केली की खुर्चीत बसलेले सर स्वतः डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. मला गुलाबाचं फूल दिलं आणि माइकवर म्हणाले, "असा विद्यार्थी पायजे. मनाला लावून घेत नाही."

खरंच होतं ते. मनाला काही लागतच नव्हतं. मला तेव्हा वाटायचं, बरंय. आता विचाराल तर सांगता येत नाही त्या महिन्यात मी काय खाल्लं, काय ऐकलं, कुणाशी बोललो. समाजशास्त्राच्या वहीत पहिल्या पानावर 'समाज म्हणजे' एवढंच लिहिलेलं आहे. पुढं काही नाही. अजून आहे ती वही.

तासाला बसवत नव्हतं म्हणून मी नोटीस बोर्ड वाचायचो. दोन वर्षांपूर्वीच्या सूचनासुद्धा. तो बोर्ड माझ्याआधी फक्त पालीनं वाचला असेल. तिथं एक नवीन कागद लागला. 'शाखा व विषय बदल. पालकांसह समक्ष अर्ज करावा.' खाली शेवटची तारीख. आजचा धरून दोन दिवस उरलेले.

चौकशी केली. कार्यालयातल्या बाबूनं मान वर न करता सांगितलं की हे सायन्समधून आर्ट्सला येणाऱ्यांसाठी असतं. दरसाल पंधरा-वीस पोरं घाबरून येतात.

"इकडून तिकडं जाता येतं का?"

बाबूनं मान वर केली. "अजून कुणी गेलं नाही."

घरी गेलो आणि आबाला खरं सांगितलं. आबा मेंढराच्या खुरातला काटा काढायलता. मेंढीचा पाय सोडला नाही त्यानं.

"मंग म्हैनाभर काय शिकायलास?"

"इतिहास."

"कोनाचा?"

"राजे-लोकांचा."

"मेंढरावाले हाएत का त्याच्यात?"

"अजून आले न्हाईत."

आबानं काटा काढला, बोटावर धरून बघितला. म्हणाला, "सरला म्या सांगतो. वळखीचे हाएत आपल्या."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या तारखेला, आबा धुतलेला पटका बांधून माझ्यासोबत कॉलेजात आला. मेंढरं आईवर सोडली. आबा कॉलेजात पहिल्यांदाच येत होता. दारात चप्पल काढायला लागला. मी म्हणालो, इथं काढत नाहीत. तरी काढली.

सर आतल्या टेबलावर होते. "या मामा, या! कसं काय वाट चुकलात?" खुर्ची दोन हातांवर होती. आबा दाराशेजारी उकिडवा बसला. 'खुर्चीवर बसा' असं सर म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. ही माझी चूक मी सगळ्यात वर ठेवतो. बाकीच्या चुकांवर मला हसता येतं.

मी अर्ज ठेवला. सरांनी वाचला आणि आबाकडं बघितलं. "मामा, हा पोरगा तुमचा कलाकार हाय बरं का. आता म्हणतो सायन्स पायजे. गणित पायजे. मेंढरं मोजता येत नाहीत याला!"

आणि आबा हसला.

मोठ्यानं. रांगेत मी हसलो होतो तसाच, तोंड तेवढंच उघडून, मान तशीच खाली घालून. "कुटलं साहेब," म्हणाला, "त्याला काय येतंय."

मी बापाच्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटायचं ही युक्ती माझी आहे, मी शोधून काढलेली. ती माझी नव्हतीच. आबाची होती. आबालाही कुणाकडून तरी आली असणार. आमच्याकडं जमीन नाही वाटणीला यायला. हे मात्र मुरलेलं, न मागता माझ्या वाट्याला आलेलं.

सर खुशीत आले. खुर्ची मागं रेलून म्हणाले, "बरं, चला. मामा, इतके साल आमच्या रानात बसायलात. माझे वडील विचारून थकले. आज आकडा सांगा. तुमी आकडा सांगितला की मी अर्जावर सही केली. आता, इथंच."

बाबूचं टाइप करणं थांबलं.

आबा म्हणाला, "साहेब, ते कसंय..."

"कसं-बिसं नाही. आकडा. पोराचं भलं पायजे ना?"

आबानं माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं. पटक्याचं टोक बोटात धरून फिरवायला लागला. पशुगणनेला ज्यानं कधी सांगितलं नाही, साथीत निम्मा कळप गेला तेव्हा भरपाई बुडाली तरी सांगितलं नाही, तो माझा बाप म्हणाला, "लेकराचं होत असंल तर सांगतो की. त्याच्यात काय."

आणि त्यानं तोंड उघडलं.

मला महिनाभर काही जाणवत नव्हतं. तेव्हाही फार काही जाणवलं असं नाही. पेटून उठलो, रक्त उसळलं, असलं काही झालं नाही. उलट सगळं एकदम गार आणि स्पष्ट झालं. टेबलावरची काच, काचेखालचं कॅलेंडर, आबाच्या टाचेच्या भेगा. मला माझा आवाज ऐकू आला.

"सांगू नको, आबा."

आबा थांबला.

सर म्हणाले, "का रे?"

"अर्जात मेंढरांचा रकाना न्हाई, सर."

"काय म्हणलास?"

"अर्जात मेंढरांचा रकाना न्हाई. गणिताच्या मार्कांचा हाय. ते बघा."

कुणी हसलं नाही. मीही नाही. सरांनी माझ्याकडं नवीनच माणूस आल्यासारखं बघितलं. "लय बोलायलास. त्या दिवशी तर खिदळत होतास."

"चुकलं माझं."

"मग?"

"मुदत आज संपती. अर्ज घ्या. घेत नसाल तर 'घेत नाही' असं याच कागदावर लिहून द्या, तारीख टाकून."

हे वाक्य मला कुठून सुचलं? राज्यशास्त्राच्या तासाला ऐकलं होतं. अर्ज नाकारला तर लेखी कारण मागावं, असं त्या सरांनी एकदा बोलता बोलता सांगितलेलं. महिनाभरात कला शाखेतून मी एवढीच एक गोष्ट शिकलो आणि कला शाखेतून बाहेर पडायला वापरली. त्या सरांचे उपकार आहेत. त्यांना अजून माहीत नाही.

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. लिहून द्यायला माणूस फार घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं. बोलायला घाबरत नाही. शेवटी त्यांनी अर्ज ओढला, सही केली आणि बाजूला शेरा मारला : 'विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर.' बाबूनं शिक्का मारला.

"नापास झालास तर माझ्याकडं यायचं नाही," सर म्हणाले.

आबाला अंगठा मारायला लावला. पहिला ठसा फिसकटला. दुसऱ्यांदा मारला.

बाहेर आल्यावर मला वाटलं आबा पाठीवर हात ठेवेल. आबा म्हणाला, "साहेबाफुडं मला गप कर म्हनलास तू." टमटमवाल्यानं हाक मारली तरी हालला नाही. "त्यांच्या रानात बसतेत आपली मेंढरं. हे इसरलास."

"इसरलो न्हाई."

"मंग?"

मी टमटममध्ये जाऊन बसलो. वालूरपासून वस्तीपर्यंत आबा माझ्यापुढं दहा पावलं चालला.

त्या उन्हाळ्यात सरांच्या रानाचं बोलावणं आलं नाही. पुढच्याही आलं नाही. आबा कळप घेऊन पार चुडाव्याकडं गेला, अनोळखी रानं धुंडत. आईच्या टाचा त्या वर्षी जास्त फाटल्या. माझ्या एका विषयाची ही किंमत होती आणि ती माझ्या बोटाला लागली नाही, त्या दोघांच्या पायाला लागली. हे मी झाकून ठेवत नाही.

आणि गणिताचं म्हणाल तर बारावीला मी गणितात नापास झालो.

हसा. हसण्यासारखंच आहे. एवढा सगळा तमाशा करून ज्या विषयासाठी बापाला फरफटत नेलं, नेमका त्याच विषयात. महिनाभर उशिरा वर्गात गेलो, पुस्तक इंग्रजीत. 'लेट' या शब्दाचा अर्थ मला 'उशीर' एवढाच माहीत होता, आणि प्रत्येक गणित 'लेट'नंच सुरू व्हायचं. मला वाटायचं, हे गणितवालेही माझ्यासारखेच उशिरा आलेत की काय. 'समजा' असा त्याचा अर्थ कळेपर्यंत पहिली चाचणी गेली. भौतिक निघालं, रसायन निघालं, जीव बरंच निघालं. गणित सहा मार्कांनी गेलं.

निकाल घेऊन घरी गेलो. आबा वाघरीची गाठ मारायलता. म्हणाला, "कोन न्हाई आलं?"

"गणित."

त्यानं गाठ पुरी केली. रागावलाही नाही, समजूतही काढली नाही. आमचं त्या दिवसाबद्दल अजून बोलणं झालेलं नाही.

फेरपरीक्षेचा फॉर्म आणायला मी परवा कॉलेजात गेलो. खिडकीवर तेच सर. थोडे जाड झालेत. अकरावीच्या नव्या पोरांची घोळक्यानं विचारपूस चाललेली. मला ओळखलं त्यांनी.

"आलास का, हाएत की? सांगितलं होतं ना तुला?"

एक-दोन पोरं मागं वळली. काय गंमत आहे बघायला. मला चांगलं माहीत होतं की आता एक वाक्य टाकलं, मान हलवून, सरांची नक्कल करून, तर सगळा घोळका माझा झाला असता. ते वाक्य तयारही होतं जिभेवर. फार छान होतं. अजून आठवतंय. इथं लिहिणार नाही.

"गणिताचा फॉर्म द्या," मी म्हणालो.

"अरे, सोड ते. बाहेरून आर्ट्सला बस. सहज निघशील. गणित काय तुझ्या बापानं केलं होतं का?"

"आर्ट्स वाईट न्हाई, सर. मला विचारलं नव्हतं तुमी."

सरांनी फॉर्म सरकवला. मी तिथंच उभं राहून भरला. नाव, गाव, जात, बैठक क्रमांक. विषयाच्या पुढं एकच शब्द लिहिला आणि खाली साधी सही केली, टिंबं न देता. फॉर्म परत खिडकीत ठेवला. पेपर पुढच्या महिन्यात आहे. निघेल की नाही, मला ठाऊक नाही. दोन धडे अजून डोक्यात शिरत नाहीत.

सर फॉर्म तपासत म्हणाले, "आणि परत नापास झालास तर?"

"तर परत येईन," मी म्हणालो. "गणिताचाच फॉर्म न्यायला."